कव्हरवरचा गडी : हुतूतूतील बुद्धीची कसोटी

आपल्या समाजात एक समज फार जुना आहे. ज्याचे अभ्यासात डोके चालते त्याने पुस्तक धरावे आणि ज्याचे चालत नाही त्याने मैदान गाठावे, असा तो समज होय. खेळाला दम लागतो, मांड्या लागतात, छाती लागते; बुद्धीचे तेथे काय काम, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षणनिधी, वसतिगृह, वैद्यकीय मदत या कार्यांचा आढावा इतरत्र येईलच. आम्ही मैदानाकडे लक्ष पुरवणारी मंडळी आहोत. तेव्हा मैदानावरील एका गोष्टीचा उलगडा करावा आणि तो करताना वरील समज कितपत खरा हेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संध्याकाळी आमच्या मैदानावर मुले-मुली हुतूतू खेळावयास येतात. त्यांतील बहुतेकांना चढाईचे वेड असते, आणि ते स्वाभाविकही आहे. चढाई करणारा गडी एकटा जातो, एकटा परततो आणि टाळ्या त्यालाच मिळतात. परंतु संघ सात जणांचा असतो आणि त्यांतील चार-पाच जणांना तरी पकडीसाठी तयार व्हावे लागते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कव्हरच्या जागेवर उभे केले, की पहिले काही दिवस तो उत्साहाने झेपा घेतो. मग हळूहळू गोंधळतो, चुकतो, बोलणी खातो आणि एके दिवशी यावयाचे बंद करतो. घरी विचारले तर उत्तर मिळते, "मला ते जमत नाही, माझे डोके चालत नाही." अशी मुले दरवर्षी गळतात. ती मठ्ठ असतात म्हणून गळत नाहीत, तर त्यांच्या डोक्यावर किती ओझे पडले आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते म्हणून गळतात, असे आमचे मत आहे. ते ओझे कोणते, ते पाहू.

बडोद्याचा वारसा

हा खेळ बडोद्याला परका नाही. किंबहुना त्याला नियमांची शिस्त लावण्यात बडोद्याचा हात मोठा आहे. 1923 मध्ये येथील हिंद विजय जिमखान्याने हुतूतूच्या नियमांची मांडणी करून अखिल भारतीय स्वरूपाचे सामने भरवले. त्यापूर्वी हा खेळ गावोगाव वेगवेगळ्या रीतींनी चाले. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार होते. बाद झालेला गडी जिवंत व्हावा की नाही, यावरही एकमत नव्हते. खेळ एकच, पण दोन गावांचे संघ समोरासमोर आले की आधी तासभर नियमांचीच झटापट व्हावी, अशी स्थिती होती.

येथील जुम्मादादा व्यायाममंदिर आणि त्याचे आधारस्तंभ राजरत्न प्रो. माणिकराव यांचे नाव वाचकांना नव्याने सांगावयास नको. मुसलमान उस्तादाने आपला आखाडा हिंदू शिष्याच्या हाती विश्वासाने सोपवावा आणि शिष्याने गुरूचे नाव त्या वास्तूवर कायम ठेवावे, हे उदाहरण बडोद्याचे भूषण आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड याच नगरीतून सिद्ध केले आणि त्याचा इंग्रजी अवतार 1950 मध्ये निघाला. सयाजीराव महाराजांच्या या नगरीत शरीर आणि ज्ञान यांची फारकत मानण्याची रीत नव्हती, हे या कोशाच्या नुसत्या अस्तित्वावरूनही दिसते.

पुढे 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रदर्शन केले. 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि देशभर 'कबड्डी' हेच नाव रूढ झाले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी दाखल झाली आणि 2014 पासून प्रो कबड्डीमुळे ती घरोघरच्या पडद्यावर आली. घरात मात्र आम्ही मराठी मंडळी अजून हुतूतूच म्हणतो, आणि या लेखात दोन्ही नावे येतील.

कव्हर म्हणजे कोण?

ज्यांनी हा खेळ केवळ लांबून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा आणि तिच्या पलीकडे 1 मीटरवर बोनस रेषा असते. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते. झटापट सुरू झाल्याशिवाय तेथे पाय टाकावयाचा नसतो.

बचावाचे सात गडी उभे राहतात ते असे : मागे दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या हातात हात घातलेले दोन 'इन', त्यांच्या आतल्या अंगाला दोन 'कव्हर', आणि मधोमध एक 'सेंटर'. कोपऱ्याचे काम साधारणपणे चढाई करणाऱ्याचा घोटा किंवा मांडी धरणे हे आहे. कव्हरचे काम त्याहून चमत्कारिक आहे. चढाई करणारा गडी कोपऱ्याकडे वळला, की त्या बाजूच्या कव्हरने त्याच्या परतीच्या वाटेत शिरावयाचे असते. कोपऱ्याने पाय धरला तर अंगावर जाऊन त्याला मध्यरेषेपासून तोडावयाचे. पाय सुटला तर अडवणूक करावयाची किंवा धडक देऊन त्याला मैदानाबाहेर काढावयाचे. म्हणजे कोपरा सापळ्याचा दात असेल तर कव्हर हे सापळ्याचे दार आहे. दार वेळेआधी लागले तर सावज आत येतच नाही. उशिरा लागले तर ते निघून जाते.

आट्यापाट्यांत सूरपाटी धरणाऱ्या गड्यावर जशी सगळ्या डावाची भिस्त असते, तशीच ही जागा आहे. अमेरिकेत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये 'लाइनबॅकर' म्हणून एक जागा आहे, तिचेही याच्याशी जवळचे नाते दिसते. तो बचावाच्या दुसऱ्या फळीत उभा असतो. समोरच्या अकरा जणांची रचना पाहून, पहिल्या फळीतील एखाद्या गड्याच्या पहिल्या पावलावरून, चेंडू घेऊन कोणी धावणार की तो दूर फेकला जाणार हे त्याने क्षणात ताडावयाचे असते. आणि समोरचे लोक धावण्याची हूल देऊन चेंडू फेकतात. तेथील व्यावसायिक सामन्यांत 2008 पासून बचावाच्या एका गड्याच्या शिरस्त्राणात ध्वनिग्राहक बसवण्याची परवानगी आहे, म्हणजे शिक्षकाचा निरोप त्याच्या कानापर्यंत पोहोचतो. आमच्या कव्हरच्या कानात असे काही नसते. डोक्यात जे साठवले असेल तेवढ्यावरच त्याला निभावावे लागते.

एका सेकंदाचा हिशेब

आता थोडे गणित करू. बोनस रेषेपासून मध्यरेषेचे अंतर पावणेपाच मीटर आहे. चपळ गड्याला पाठ फिरवून एवढे अंतर कापावयास एखादा सेकंद पुरतो. त्याला मध्यरेषेपूर्वी अडवावयाचे तर कव्हरच्या हाती त्या सेकंदाचा काही अंशच असतो.

मनुष्याच्या मेंदूचाही एक हिशेब आहे. दिवा लागताच कळ दाबा, एवढेच सांगितले तर निरोगी तरुणाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. परंतु चार दिवे आणि चार कळा ठेवल्या, की वेळ वाढतो. पर्याय वाढले की निर्णय लांबतो, आणि तो काही एका नियमाने लांबतो, हे हिक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1952 मध्ये दाखवले. कव्हरसमोर चार दिवे नसतात. पाच-सहा शक्यता एकाच वेळी उभ्या असतात. समोरचा गडी बोनस घेईल, कोपऱ्याला पाय मारील, 'इन'च्या हाताला स्पर्श करील, आपल्यावरच उलटेल, की नुसताच परत जाईल? प्रत्येकाला वेगळे उत्तर आहे. प्रत्यक्ष घडेपर्यंत थांबून मग निवड करावी, तर निम्मा सेकंद निवडीतच जातो आणि गडी रेषेपार होतो.

यातून निष्कर्ष एकच निघतो. चांगला कव्हर घडलेल्या गोष्टीला उत्तर देत नाही. घडू घातलेल्या गोष्टीला देतो. त्याला आधी ताडावे लागते. बॅडमिंटनच्या खेळाडूंवर 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फटका मारण्यापूर्वीच चित्रफीत तोडून, फूल कोठे पडेल असे विचारले होते. नवशिके फक्त रॅकेटकडे पाहून अंदाज करीत. मुरलेल्यांना त्याही आधी हात हलू लागताच सुगावा लागे. डोळे दोघांचे सारखेच होते. कोठे पाहावे आणि जे दिसले त्याचा अर्थ काय, हे एकाला ठाऊक होते.

हुतूतूतही असेच आहे. नवा मुलगा चढाई करणाऱ्याच्या हाताकडे किंवा डोळ्यांकडे पाहतो, कारण तेच अधिक हलतात. हात आणि डोळे खोटे बोलू शकतात. कंबर सहसा खोटे बोलत नाही. शरीराचा भार ज्या पायावर आहे त्याच्या उलट पायानेच लाथ निघणार, हेही बदलत नाही. म्हणून जुने शिक्षक कंबरेवर नजर ठेवावयास सांगत. त्यामागील तत्त्व हे असे आहे.

हूल

एवढ्यावर गोष्ट संपती तर कव्हर तयार करणे सोपे झाले असते. परंतु समोरचा गडीही मूर्ख नसतो. आपण आधी ताडतो हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणून तो हूल देतो. बोनसला पाय टाकल्यासारखे करतो, कव्हर झेपावतो, आणि तो पाय तसाच मागे घेऊन मोकळ्या हाताने त्याला टिपून निघून जातो. यालाच मैदानाच्या भाषेत अगाऊ जाणे म्हणतात.

ज्याने ताडावयास शिकले त्यालाच हूल फसवू शकते. अगदी नवख्या मुलाला हूल देऊन उपयोग नसतो, कारण त्याला मूळ खूणच दिसलेली नसते. म्हणून शिकण्याच्या मधल्या पायरीवर एक विचित्र गोष्ट घडते : मुलाला अधिक कळू लागते आणि तो अधिक वेळा बाद होऊ लागतो. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की हा बिघडत चालला आहे. खरे तर तो वाचावयास शिकला आहे. पण अक्षर खरे की खोटे हे ओळखणे अजून बाकी आहे. गळणारी मुले बहुधा याच पायरीवर गळतात, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत दुःखाची गोष्ट हीच आहे.

बदलता हिशेब

तिसरे ओझे नियमांचे आहे. समोर घडणारी हालचाल तीच असली तरी तिचा अर्थ क्षणोक्षणी बदलतो. मैदानात सहा किंवा सात बचावगडी असतील तरच बोनसचा गुण मिळतो. पाच उरले की बोनस नाही. मग कोपऱ्यात शिरणारा तोच पाय आता स्पर्शासाठी आहे किंवा नुसता निदानरेषा ओलांडण्यासाठी आहे. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली तर एक गुण अधिक मिळतो. पण तेथेच सगळे बाद झाले तर लोणाचे दोन गुण जादा द्यावे लागतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की आजच्या नियमाप्रमाणे तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. म्हणजे त्या चढाईत तो नक्की आत येणार, आणि उगाच पुढे जाण्याचे आपल्याला कारण नाही.

त्यात आणखी, आपला संघ दोन गुणांनी पुढे आहे आणि अर्धे मिनिट उरले आहे, अशा वेळी उत्तम पकड हीसुद्धा मूर्खपणाची ठरू शकते. सोडून देणे हेच तेथे शहाणपण. चौदा वर्षांच्या मुलाने अंगात रग असताना हात आवरावयाचा, हे काही लहानसहान शिक्षण नव्हे.

नियम डोक्यात पक्का नसेल तर मोठ्यांचेही काय होते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांचा पुरुषांचा अंतिम सामना 2023 मध्ये भारत आणि इराण यांच्यात झाला. सामना 28–28 असा बरोबरीत आणि शेवटच्या घटका चाललेल्या. भारताचा चढाई करणारा गडी कोणाला स्पर्श न करताच राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला रोखण्याच्या भरात इराणचे बचावगडीही त्याच्यामागे तेथे उतरले. आता बाद कोण, एकटा तो की त्याच्यामागे गेलेले सर्व? जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. पंचांना निर्णय करता येईना. खेळ कितीतरी वेळ थांबला. अखेर भारताने सामना 33–29 असा जिंकला. वाद कोणाच्या बाजूचा, हे येथे आम्हांस सांगावयाचे नाही. घोट्यासारख्या जागी झेप घेणे शरीराला जितके कठीण, तितकेच एका रेषेअलीकडे थांबणे मनाला कठीण असते, एवढेच सांगावयाचे आहे.

दुसऱ्याच्या मनाचा भार

चौथी आणि शेवटची गोष्ट कव्हरला इतर सर्वांपासून वेगळे करते. चढाई करणारा गडी आपल्या एकट्याच्या निर्णयाने चालतो. कव्हरला स्वतःच्या निर्णयाबरोबर आपल्या कोपऱ्याचाही निर्णय ओळखावा लागतो. कोपरा घोट्यावर जाणार की थांबणार? तो गेला आणि कव्हर गेला नाही, तर कोपरा एकटा फरफटत जाऊन बाद होतो. कव्हर गेला आणि कोपरा गेला नाही, तर कव्हर बाद होतो. दोघे गेले, साखळी सुटली नाही, आणि तरी गडी रेषेला बोट लावून आला, तर त्याला स्पर्श केलेले सर्वच बाद. एका चुकीने दोन-तीन सोबती बाहेर बसतात. म्हणून कव्हरच्या चुकीला लाज अधिक असते, आणि लाजेने मुले गप्प होतात.

इराणचे फझल अत्राचली हे प्रो कबड्डीतील पकडीच्या गुणांत अग्रभागी असलेले डाव्या कोपऱ्याचे खेळाडू. 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये ते गुजरातच्या संघातून खेळले. आपल्यापैकी ज्यांनी त्यांचे सामने पाहिले असतील त्यांना आठवेल, की त्यांची ओळख नुसत्या ताकदीची नाही. आपल्या सोबत्यांना जागेवर ठेवणे, हाताच्या खुणेने सरकवणे, हे त्यांचे काम सतत चालू असते. बचावात बोलणे हाही खेळाचाच भाग आहे.

आमच्या मैदानावर यात एक गमतीची अडचण येते. अर्धी मुले घरी मराठी बोलतात, अर्धी गुजराती. घाईत ज्याच्या तोंडून जे निघेल ते निघते. एकाने 'थांब' म्हणावे, दुसऱ्याने 'ऊभो रहे', आणि तिसऱ्याला कळेपर्यंत गडी पार! म्हणून प्रत्येक संघाने पाच-सहा आखूड शब्द आधीच ठरवून घ्यावे लागतात. प्रो. माणिकरावांनी सांघिक व्यायामाच्या इंग्रजी आज्ञा काढून हिंदी आज्ञा रूढ केल्या, त्यात स्वदेशीची भावना होतीच; पण सर्वांना एकदम कळेल असा एकच शब्द असावा, ही व्यावहारिक सोयही होती. लहान मैदानावरही तीच उपयोगी पडते.

हे शिकवावे कसे?

येथवर वाचून कोणी म्हणेल, की एवढे सगळे एका सेकंदात कोणाच्या डोक्यात मावणार? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर बुद्धिबळाने दिले आहे. 1973 मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकन संशोधकांनी पटावरील मांडणी पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडावयास सांगितली. खऱ्या डावातील मांडणी असेल तर निष्णात खेळाडू ती बहुतांशी बरोबर मांडत, नवशिक्यांना थोडीच आठवे. पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की निष्णातांचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा होई. त्यांची स्मरणशक्ती जन्मतः अफाट नव्हती. पुष्कळ सोंगट्या मिळून होणारी एक ओळखीची आकृती ते एका दृष्टीत पाहत, एवढेच. आपण शब्द वाचताना काना-मात्रा सुटे वाचीत नाही, तसेच हे.

चांगल्या कव्हरलाही पाच शक्यता सुट्या दिसत नाहीत. 'पाच गडी, तिसरी चढाई, डावा पाय पुढे' ही त्याला एक ओळखीची आकृती वाटते आणि तिचे उत्तर तिच्यासोबतच येते. या आकृती जन्मतः कोणालाच येत नाहीत. त्या भरावयास वेळ लागतो, आणि तो वेळ देणे हेच शिक्षकाचे काम. यास्तव अनुभवाने उपयोगी ठरलेल्या काही गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट, ओझे एकदम टाकू नये. प्रथम चारच गडी उभे करावे, दोन कोपरे आणि दोन कव्हर. एकाच प्रकारची चढाई निम्म्या वेगाने करावी आणि मुलाला एकच खूण पाहावयास सांगावी. ती डोळ्यांत बसली की दुसरी द्यावी. पाचव्या गड्याची, मग सहाव्याची भर नंतर घालावी, म्हणजे बोनसचा हिशेब त्याच्यासोबतच शिकवता येतो.

दुसरी गोष्ट, खुणा ओळखीच्या झाल्यावर सराव मिसळून द्यावा. वीस वेळा एकच चढाई, मग वीस वेळा दुसरी, असे केले तर त्या संध्याकाळी मुले छान खेळतात आणि सामन्यात विसरतात. चढायांचा क्रम उलटसुलट ठेवला तर त्या दिवशी चुका अधिक होतात, पण शिकलेले टिकते. शी आणि मॉर्गन यांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच आढळले आहे. आजच्या चुका पाहून शिक्षकाने घाबरू नये.

तिसरी गोष्ट, शिट्टी वाजवून खेळ मध्येच थांबवावा आणि सर्वांस डोळे मिटावयास सांगावे. मग कव्हरला विचारावे : आपले किती गडी उरले? बोनस आहे का? ही कितवी चढाई? तुझा कोपरा कोठे उभा आहे? आरंभी उत्तरे येत नाहीत. महिन्याभरात येऊ लागतात. यास खर्च काहीच नाही.

चौथी गोष्ट, कव्हरच्या मुलाला आठवड्यातून एक दिवस चढाई करावयास पाठवावे. हूल कशी देतात हे स्वतः दिल्यावाचून हूल ओळखता येत नाही. तसेच बाद होऊन बाहेर बसलेल्या मुलांनी गप्प बसू नये; पुढच्या चढाईत काय होईल ते हळू आवाजात एकमेकांस सांगावे. बाहेर बसणे हाही मग सरावच होतो.

पाचवी गोष्ट शरीराची आहे. अर्धवट निर्णयाने घेतलेली झेप सर्वांत धोक्याची असते. जावे की नको या द्विधा मनःस्थितीत मान खाली घालून गेलेला मुलगा खांदा, गुडघा किंवा मानच दुखावून घेतो. म्हणून 'गेलास तर पुरा जा, नाहीतर जागा सोडू नकोस' हे वाक्य मुलांच्या मनावर बिंबवावे. वेळेवर न जाण्याचा निर्णय घेणाऱ्या मुलाची, गुण मिळवणाऱ्या मुलाइतकीच तारीफ करावी.

मुलींच्या संघांस हे सर्व तितकेच लागू आहे. त्यांचे मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, म्हणजे अंतरे आणखी आखूड आणि वेळ आणखी कमी. ताडण्याची गरज तेथे कमी नसून अधिकच आहे.

पालकांस आणि हितचिंतकांस

शेवटी दोन शब्द घरच्या मंडळींसाठी. आपला मुलगा किंवा मुलगी मैदानावरून येऊन 'मला जमत नाही' असे म्हणाली, तर लगेच 'मग सोड आणि अभ्यासाला बस' असे म्हणू नये. त्यापेक्षा 'आज कोणती हूल फसवून गेली?' असे विचारावे. ज्या मुलाला हे सांगता येते तो शिकतो आहे, असे खुशाल समजावे. सांगता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी बघून यावयास सांगावे. शिक्षकांनीही भर मैदानात 'डोके नाही का?' हा प्रश्न मुलाला विचारणे सोडावे. डोके आहे, आणि त्याच क्षणी ते पाच कामांत गुंतलेले आहे. म्हणून तर पाऊल अडले.

खेळात मुरलेली बुद्धी परीक्षेच्या कागदावर आपोआप उतरते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ज्या मुलाने एकदा आपल्या डोळ्यांदेखत, वर्षभर चुकून चुकून, एक कठीण गोष्ट शिकून दाखवली, तो स्वतःला पुन्हा मठ्ठ म्हणत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांना हा अनुभव अन्यत्र मिळालेला नसतो. त्यांना तो मिळण्याआधीच मैदानावरून जाऊ देणे, हे नुकसान हिशेबाच्या वहीत दिसत नाही, तरी ते खरेच आहे.

संस्थेच्या मैदानाला साधी माती लागते, चुन्याच्या रेषा लागतात, सायंकाळी दिवा लागतो. हितचिंतकांच्या औदार्याने हे सर्व आजवर मिळत आले आहे आणि पुढेही मिळेल असा विश्वास आहे. त्याबरोबर आणखी एक देणगी आम्ही मागतो, ती सबुरीची. चढाई करणाऱ्याला टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पण पुढच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहाल, तेव्हा घटकाभर नजर कव्हरवरच्या गड्यावर ठेवावी. तो जागचा हलला नाही, तरी त्या तीस सेकंदांत त्याने काय काय पाहिले, काय काय नाकारले आणि कोणासाठी तो थांबला, हे ध्यानात घ्यावे.